जाहिरातगीत आणि निनावी चाल



स्मृतिव्याख्यानासाठी मी जाहिरातगीताचा विषय सुचविला, तेव्हा संयोजक क्षणभर स्तब्ध झाले. मराठीच्या प्राध्यापकाने ओवी-अभंगावर बोलावे, ही अपेक्षा रास्तच. पण मी ओवीपासूनच निघालो आहे.

जात्यावरची ओवी प्रथम कोणाला सुचली, हे आपण विचारीत नाही. गाणे उरते, नाव विरते. आधुनिक काळात हेच प्राक्तन जिंगलच्या वाट्याला आले. संगीतकार अशोक पत्की यांचेच पाहा. लोककलांचे अभ्यासक कवी अशोकजी परांजपे यांच्या ‘केतकीच्या बनी’ला त्यांनी लावलेली चाल सुमन कल्याणपूर यांच्या स्वरात घरोघर पोहोचली, आणि तिच्यासोबत त्यांचे नावही. त्याच पत्कींनी हजारो जिंगल्स केल्या. झंडू बामची चाल पोरेबाळेही गुणगुणत. ती कोणाची, हे किती जणांना ठाऊक होते?

हे काम हलके समजू नये. अर्ध्या मिनिटात अंतऱ्याला जागा कुठली? मालाचे नाव कान विसावतो तिथेच पडले पाहिजे, आणि एकदा ऐकून ते ओठी बसले पाहिजे. ध्रुपद गर्दीच्या तोंडी कसे रुळवावे, हे शाहिरालाही असेच कळावे लागते.

१५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम दाखविले गेले. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पीयूष पांडे यांचे, भैरवीतील चाल पत्कींची. ही माणसे जाहिरातीच्याच व्यवसायात मुरलेली. फक्त या खेपेस विकायचे काही नव्हते. पडद्यावर पंडित भीमसेन जोशी दिसले, लता मंगेशकर दिसल्या. चाल बांधणारा दिसला नाही.

येथे काही अभ्यासक म्हणतील, जिंगल हेच आजचे लोकगीत. मला ते मान्य नाही. ओवीतले नाव बाईने बाईला गाणे देता देता आपसूक गळाले. तिथे कोणी कोणाचे काही घेतले नाही. जिंगलमधील नाव मोबदल्याबरोबर बाजूला ठेवले जाते. एक निनावीपणा समूहाचा, दुसरा सौद्याचा.

हे सिल्वासात बोलण्यास कारण आहे. येथील वारली वादकांचा तारपा आता समारंभांत वाजतो, ध्वनिमुद्रित होतो, पर्यटनाच्या चित्रफितींतही ऐकू येतो. त्या क्षणी तो नाचाच्या रिंगणातून सौद्याच्या जगात आलेला असतो. या शाळेच्या संमेलनात यंदा तारपा वाजणार असेल, तर कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी नृत्य’ एवढेच छापू नका. वादकाला त्याचे नाव, त्याचे गाव आणि चाल कोणाकडून शिकला हे विचारा, आणि तिन्ही छापा.