परदेशी शिक्षणाचा घरगुती हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हणजे थोडे कौतुक, थोडा उपदेश आणि शेवटी आभार, अशी आपली रीत आहे. आज मात्र मी आपला वेळ एका हिशेबासाठी मागून घेतला आहे. पूर्वी हळदीकुंकवाला जमलो की, ‘मुलीला कोठे दिली?’ असे विचारीत. आता ‘व्हिसा आला का?’ असे विचारतात. मांडव्याच्या धक्क्यावरून लाँचने तासाभरात गेट वेला उतरता येते. २०२० साली मोटारींसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. मुंबई अंगणात आली, तशी लंडन आणि टोरोंटोही ओसरीवर आल्यासारखी वाटू लागली आहेत. मुलांनी जावे, शिकावे. त्याला माझी ना नाही. परंतु निघताना पैशाचा जो विचार व्हावयास हवा, तो बहुधा पुरुषमंडळी आणि एजंट यांच्यातच होतो. सही मात्र आईची लागते, आणि दागिनेही आईचेच मोडतात. म्हणून हा हिशेब आपल्याला आला पाहिजे.

प्रथम दोन जुनी उदाहरणे घेऊ. पहिले आनंदीबाई जोशी यांचे. गोपाळराव टपाल खात्यात होते, आणि बदल्यांच्या ओघात हे जोडपे काही काळ आपल्या अलिबागेसही राहिले होते. १८८३च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तेथे कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या लेकीप्रमाणे आधार दिला आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पण तेथील थंडी आणि न मानवणारे खाणे यांनी त्यांची प्रकृती पोखरली होती. क्षयाने ग्रासलेल्या त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शिक्षणाची सोय झाली म्हणजे जगण्याची सोय झाली असे नव्हे, हे यावरून ध्यानी धरावे. उबदार खोली आणि पोटभर अन्न हीदेखील शिक्षणाचीच सामग्री आहे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला अभ्यास सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. त्या काळात मुंबईच्या घरी रमाबाईंनी ओढगस्तीत संसार रेटला. बाबासाहेबांची विद्वत्ता आपण सांगतोच. रमाबाईंचा तो हिशेबही सांगितला पाहिजे. एक माणूस परदेशी शिकतो तेव्हा मागे राहिलेले घरही आपल्या परीने फी भरीत असते.

आता एक भेद लक्षात घ्या. आपल्याच किनाऱ्यावरचे बेने इस्राएल लोक, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत असू, नवगाव-अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या आपल्यात राहिले. १९४८ साली इस्रायल देश स्थापन झाला आणि पुढच्या काही दशकांत त्यांतले बहुसंख्य तिकडे गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा गावी त्यांनी नवे संसार मांडले. त्यांचे हाल झाले नाहीत असे नाही. १९६०नंतर त्यांना बरोबरीच्या हक्कासाठी झगडावेही लागले. पण ते त्या देशाचे नागरिक म्हणून गेले होते. घर, भाषेचे वर्ग, मुलांची शाळा यांची थोडीफार जबाबदारी तेथील सरकारवर होती. आपली मुले शिकावयास जातात ती पाहुणी म्हणून. त्यांना फीसुद्धा पाहुण्यांच्या दराने पडते. ती बहुतेक ठिकाणी तेथील मुलांच्या फीपेक्षा कितीतरी अधिक असते. सरकारकडून घर नाही, भत्ता नाही. ‘एकदा गेला की तिकडचाच झाला’ असे आपण म्हणतो, ते कायद्याने खरे नाही.

म्हणूनच ही सरकारे मुलाला आत घेण्यापूर्वी विचारतात, ‘जगण्यापुरता पैसा आहे का, दाखवा.’ इंग्लंडमध्ये २०२५च्या नोव्हेंबरपासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा नऊ महिन्यांचा पैसा दाखवावा लागतो, आणि तो सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो. जर्मनीत २०२४च्या सप्टेंबरपासून वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात. त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. कॅनडात ही रक्कम पुष्कळ वर्षे १०,००० डॉलर होती. २०२४च्या जानेवारीत ती २०,६३५ झाली आणि २०२५च्या सप्टेंबरपासून २२,८९५ डॉलर. पावणेदोन वर्षांत दुपटीहून अधिक! चार वर्षांपूर्वी गेलेल्या भाच्याचा हिशेब आज जाणाऱ्या लेकीला लावून चालत नाही, तो यामुळे. अर्ज करावयाच्या दिवशी आकडा पुन्हा पाहून घ्यावा.

आता आपण पाटीवर एक गणित मांडू. समजा, आपल्यापैकी कोणाची मुलगी लंडनबाहेर एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी जाते. फी १६,००० पौंड धरू आणि एका पौंडाला १२० रुपये धरू. फीचे झाले १९ लाख २० हजार. नऊ महिन्यांच्या राहण्याचे १०,५३९ पौंड, म्हणजे १२ लाख ६५ हजार. तेथील सरकारी आरोग्यसेवेचा आकार वर्षाला ७७६ पौंड. वर्षभराचा अभ्यास व वरचे चार महिने मिळून १,१६४ पौंड, म्हणजे १ लाख ४० हजार. एकूण सव्वातेहेतीस लाख. परंतु अभ्यासक्रम बारा महिन्यांचा आहे, आणि पोट नऊ महिन्यांनी थांबत नाही. उरलेल्या तीन महिन्यांचे आणखी ४ लाख २२ हजार. विमानाचे तिकीट, थंडीचे कपडे आणि घरभाड्याची अनामत मी अजून धरलेलीच नाही. राहण्या-खाण्याचा वर्षाचा खर्च जवळजवळ १७ लाख होतो, म्हणजे तो फीच्या पाठोपाठच येतो. एजंट बहुधा फीचाच आकडा सांगतो. दुसरा आकडा आपण विचारावयाचा.

‘ती तिकडे काम करील आणि भागवील,’ असेही म्हणतात. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला शिकवणीच्या दिवसांत आठवड्याला २० तासच काम करता येते. आणि पुढे होणारी असली कमाई व्हिसाच्या हिशेबात धरीत नाहीत. काम मिळाले तर देवाची कृपा. न मिळाले तरी पहिले सहा महिने निभावतील एवढे पैसे बरोबर असावेत. काही एजंट ‘२८ दिवस पैसे दाखवतो, कमिशन द्या’ असे सुचवितात. तो मार्ग धरू नका. खोटा कागद उघडकीस आला तर व्हिसा जातो आणि पुढची दारेही बंद होतात. आणि पकडला गेला नाही, तरी मुलगी उतरते ती रिकाम्या हातानेच.

आता कर्ज. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही; त्यापुढे बहुधा लागते. नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका सूट देतात. बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, घर किंवा मुदत ठेव मागतात. समजा, ३० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घेतले. शिकण्याचे एक वर्ष आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही, असे ऐकले की आपल्याला हायसे वाटते. पण व्याज थांबत नाही. दोन वर्षांत सरळ व्याजाचे ६ लाख ६० हजार चढतात. मग ३६ लाख ६० हजारांवर दहा वर्षे हप्ता बसतो, दरमहा सुमारे ५०,४०० रुपये. एकूण फेड साडेसाठ लाखांची. हीच दोन वर्षे घरातून दरमहा व्याजाचे २७,५०० रुपये भरले, तर पुढचा हप्ता ४१,३०० वर येतो आणि एकंदरीत चार लाखांहून अधिक वाचतात. मुलगी परत आली आणि येथे तिला पन्नास हजारांची नोकरी लागली, तर सगळा पगार हप्त्यातच जाईल, हेही आजच तिच्यासमोर बसून बोलावे. शिक्षण संपल्यावर इंग्लंडमध्ये राहून नोकरी शोधण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षाची केली आहे. त्या मुदतीच्या भरवशावर घर गहाण टाकताना दहा वेळा विचार करावा.

कर्जाआधी शिष्यवृत्तीचे दार ठोठवावे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी राज्याच्या निराळ्या योजना आहेत; आपल्या आगरी व कोळी घरांनी त्या अवश्य पाहाव्यात. मराठा समाजासाठी ‘सारथी’ संस्थेची योजना आहे. जागा थोड्या आणि मुदत कडक असते. उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेवर न मिळाल्याने संधी हुकते, म्हणून कागद आधी जमवावेत. जमशेटजी टाटांनी १८९२ साली कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली, तिच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. तो निधी आजही चालू आहे.

शेवटचा मुद्दा जरा नाजूक आहे, पण तो बोललाच पाहिजे. आपल्या भागात जमिनीला भाव आला आहे. गिऱ्हाईक दारात उभे असते. ‘पाच गुंठे दिले की पोरगा विलायतेस जातो,’ हे सोपे वाटते. पण नारळ-सुपारीची वाडी एकदा गेली की परत येत नाही, आणि व्हिसा मुदतीचा असतो. कर्ज फेडण्याची जबाबदारी शिकणाऱ्यावरही असते. विकलेल्या जमिनीचे ओझे मात्र घरात उरलेल्यांवर पडते. आणि ती जमीन एकट्या मुलाची असते काय? महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. भावाच्या शिक्षणासाठी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तेव्हा तिला कोणी विचारते का की, ‘बाई, तुलाही शिकावयाचे आहे काय?’ बहिणीने आनंदाने द्यावे, जरूर द्यावे. पण कागद वाचून, किती देते हे जाणून द्यावे. आणि जेवढे मुलासाठी मोडावयास आपण तयार आहोत, तेवढेच मुलीसाठीही मोडावयास तयार असावे.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. दरवर्षी बारावीच्या निकालानंतर एक दुपार या कामासाठी ठेवावी. ज्यांची मुले जाऊन आली, त्या मातांनी खरे आकडे सांगावेत: भाडे किती पडले, पहिले काम कधी मिळाले, हप्ता किती जातो. एका वहीत ते लिहून ठेवावेत. लाजेने लपविलेल्या आकड्यावर शेजारणीचे घर बुडते. मोकळेपणाने सांगितलेल्या आकड्याने ते वाचते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण मुलांना ऐकवितो. पाय पसरूच नये असा तिचा अर्थ नाही. अंथरूण आधी मोजावे, एवढाच आहे. आणि ते मोजण्याचे काम आपल्याला चांगले येते.