दगडावरचा आकडा, घरातले नाव

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षकांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण विचारले असता माध्यमिक शाळेतील विद्यार्थी साराजेव्होचे नाव चटकन सांगतो. २८ जून १९१४ ही तारीखही त्याला पाठ असते. परंतु त्याच युद्धात गावातून किती माणसे गेली, ती कोणत्या मुलखात लढली आणि त्यांतील किती परतली, असे विचारले की तो गोंधळतो. आणि खरे सांगावयाचे तर प्रश्न विचारणाराही पुष्कळदा त्याच गोंधळात असतो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत तरी अशी स्थिती असावयास नको.

सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला तो उगाच नव्हे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तेथे स्मारक उभारले. देशात अन्यत्रही अनेक खेड्यांतून त्या काळचे फलक आढळतात. त्यांवरील मजकूर बहुधा एकाच साच्यातला असतो. या गावातून महायुद्धास इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच. नावे नसतात. बसरा येथे मेसोपोटेमियातील मृतांसाठी जे मोठे स्मारक उभारण्यात आले, त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तेथे गोऱ्या सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या कोरण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या असमान वागणुकीची जाहीर कबुली दिली ती २०२१ साली, म्हणजे शतक उलटून गेल्यावर.

विद्यार्थ्यांच्या हाती द्यावयाचा प्रकल्प येथेच सापडतो. दगडावर जो आकडा आहे, त्याची नावे करावयाची.

काम वाटते तितके अवघड नाही, पण वाटते तितके सोपेही नाही. याच आयोगाच्या नोंदी आता संगणकावर सर्वांस खुल्या आहेत. मृत शिपायाचे नाव, क्रमांक, पलटण व मृत्यूची तारीख तेथे मिळते आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही मिळते. अडचण आहे ती रोमन लिपीची. ट आणि त, ड आणि द, ण आणि न या सर्वांस त्या लिपीत एकेकच अक्षर. शिवाय लिहून घेणारा कारकून परमुलखातला. त्यामुळे गावाचे नाव वाचताना मुलांना कोडे सोडवावे लागते, आणि नववीतील मुले असली कोडी मोठ्या माणसांपेक्षा लवकर सोडवितात. वडगाव नावाची गावे कराड, खटाव आणि तासगाव या तिन्ही तालुक्यांत आहेत. नुसत्या 'वडगाव' या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, तालुका पाहावा, आडनाव पाहावे, मग त्या गावच्या शाळेशी पत्रव्यवहार करावा. जिल्ह्यांच्या इतिहासाचाही येथे उपयोग होतो. सांगली जिल्हा त्या वेळी नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून वाळव्याचा वा तासगावचा शिपाई जुन्या कागदांत साताऱ्याचा म्हणून सापडेल आणि आटपाडीचा माणूस औंध संस्थानात शोधावा लागेल.

पलटणींच्या क्रमांकांचीही अशीच गंमत आहे. १९२२ साली लष्कराची पुनर्रचना झाली आणि मराठा पलटणींचे आकडे बदलले. १०३ वी पलटण ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. पणजोबा ११७ व्या पलटणीत होते असे घरातील म्हातारी सांगते आणि कागदावर पाचवी बटालियन दिसते, तेव्हा म्हातारी चुकली असे मुलांनी समजू नये. वर्गाच्या भिंतीवर हा तक्ता लावून ठेवावा. त्याच भिंतीवर तैग्रिस नदीचा नकाशा असावा. या नदीकाठच्या कुत या गावी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जो वेढा पडला, त्यात १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्माच्या व जातीच्या भयाने ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि उपासमारीने व रोगाने ते खंगले. शरणागतीनंतर कैद्यांना तुर्की मुलखात चालवीत नेले, त्या वाटेवर व बंदिवासात पुष्कळ मेले. ज्या मुलाला आपल्या गल्लीतील एखादे नाव या यादीत सापडले आहे, त्याला कुत कोठे आहे हे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

नावे मिळाल्यावर घरे शोधावयाची. येथे शिक्षकाने फार जपावयास हवे. जुन्या पेटीतील पदके शाळेत आणावयास सांगू नयेत. ती हरवतात, आणि हरवलेले पदक कोणत्याही प्रदर्शनाने भरून येत नाही. मुलांनी घरीच बसून पदकाचे चित्र काढावे आणि पदकाची कड काळजीपूर्वक पाहावी, कारण पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण ठोकलेली असते. मोडीतील जुने कागद निघाल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावेत. शाळांच्या प्रदर्शनांतून थर्माकोलचे रणगाडे पुष्कळ झाले. त्यांचा रंग सुबक असतो, त्यांपुढे पालक कौतुकाने उभे राहतात, परंतु रणगाडा करणाऱ्या मुलाला त्यातून गावाविषयी एक अक्षरही कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धाकडे वळले की या दोन जिल्ह्यांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे होते, आणि म्हणूनच ते विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजे. मराठा बटालियन १९४१ साली एरिट्रियातील केरेन येथे लढल्या आणि पुढे इटलीत लढल्या. इटलीतच १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी व ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी केलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे त्या लढाईत पडले. जाधव परत आले. पहिले आजच्या रायगड जिल्ह्यातील, दुसरे अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील. २०२३ साली इटलीतील मोन्तोने येथे घाडगे यांचे स्मारक झाले ते सूर्यघड्याळाच्या रूपात. शाळेच्या पटांगणात काठी रोवून तसे घड्याळ मुलांना सहज करता येईल, आणि भूगोलाच्या शिक्षकांनाही त्यात आपला वाटा उचलता येईल.

पण याच काळात इकडे काय चालले होते? ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे तहसील कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले, कुंडल हे त्याचे मोठे केंद्र झाले, जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराचा पैसा नेणारी आगगाडी अडविली. म्हणजे एका भावाचा पगार इंग्रज सरकारकडून मनिऑर्डरने येत असताना दुसऱ्याने त्याच सरकारपासून लपून उसाच्या फडात रात्र काढावी, असे एकाच घरात घडू शकत होते. विद्यार्थ्यांनी यावर नाट्यप्रवेश लिहावा. आई, सून, परतलेला शिपाई आणि भूमिगत दीर एवढी पात्रे पुरेत. त्यात कोण बरोबर हे शिक्षकाने आधी ठरवून देऊ नये. शिपाई भरती का झाला, दुष्काळी माण-खटावात शेतीवर किती माणसे जगत होती, हे प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतील.

लिहावयास पोवाड्याचा प्रकारही हाताशी आहे. वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, हे या जिल्ह्यांतील मुलांना अवश्य सांगावे. व्होल्गाकाठची लढाई डफाच्या ठेक्यावर बसू शकते, तर कुतचा वेढाही बसेल. मात्र पोवाड्यात घातलेली प्रत्येक तारीख व प्रत्येक नाव वहीतील नोंदीशी ताडून पाहिलेले असावे.

युद्ध येथील माणसे बाहेर घेऊन गेले, तसे बाहेरची माणसे येथे घेऊन आले. बोअर युद्धातील कैदी १९०१-०२ च्या सुमारास साताऱ्यात ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिकांना साताऱ्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, आणि त्यांतील आजारी व अशक्त माणसांना हवापालटासाठी पाचगणीस आणीत. वाई-पाचगणीच्या शाळांनी हा विषय घ्यावा, तो त्यांच्या दारातला आहे.

आणि ज्यास विलंब परवडणार नाही असे काम म्हणजे १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांतील माणसांच्या मुलाखती. १९६२ च्या नोव्हेंबरात देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हे पुस्तकात मिळेल; त्या हिवाळ्यात शिपायाच्या पायात कोणते बूट होते, हे पुस्तकात मिळणार नाही. १९७१ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई आज सत्तरी ओलांडून गेला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या साहाय्याने अशा माणसांशी संपर्क साधता येतो. किती शत्रू मारले, हा प्रश्न मुलांनी विचारू नये. काय खाल्ले, पत्र कोण लिहून देई, घरी तार आली तेव्हा दारात कोण होते, असे विचारावे. त्यांच्या पत्नीशीही बोलावे, आणि शक्य तर निराळे बसून बोलावे. नवरा समोर असला की ती बहुधा 'तेच सांगतील' म्हणून चहा करावयास उठते. तिच्याकडे मात्र मनिऑर्डरच्या रकमा, पावसाळ्यात पडलेली भिंत, पेरणीला बैल कोणाचे आणले, हे सारे साठवलेले असते.

एखादे घर बोलावयास राजी नसेल तर वही मिटून नमस्कार करावा आणि परत यावे. बोललेच, तर लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा, ते सांगतील ती दुरुस्ती करावी, आणि सुवाच्य अक्षरांत तीन प्रती काढाव्यात. एक शाळेच्या ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि तिसरी, सर्वांत आधी, त्या घरी पोचवावी.