शरीर चालते राहिले पाहिजे
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या आरोग्य गटाने केलेले भाषण)



विहार समितीने आम्हाला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही मोठ्या डॉक्टर नाही. आमच्यात दोघी नर्सिंगचे काम केलेल्या आहेत, एक शाळेत पी.टी. शिकवते, बाकी आम्ही घर सांभाळणाऱ्या. पण वस्तीत घरोघर जाऊन आम्ही बी.पी. मोजतो, शुगरच्या गोळ्या वेळेवर घेतल्या का ते विचारतो. त्यातून जे दिसलं आणि जे वाचून समजून घेतलं, तेच आपल्यापुढे ठेवतो.

आपण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जातो. समोर फोटो असतो, मेणबत्ती असते, आणि पुष्कळदा फोटोतल्या माणसाने पन्नाशीही गाठलेली नसते. "काल तर चांगला बोलत होता," असं सगळे म्हणतात. हे केवळ आपल्याच वस्तीचे दुर्दैव नाही. बावन्न देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढच्या मांडणीत असे दिसले की, आपल्या दक्षिण आशियात पहिला हार्ट अटॅक येण्याचे सरासरी वय ५३ होते आणि इतर देशांत ते ५९ होते. म्हणजे सहा वर्षे आधी! घरातला कमावता माणूस, मुलांची शिक्षणं अर्धवट असताना. तंबाखू, बी.पी., शुगर, पोटाचा घेर, मानसिक ताण यांच्याबरोबरच अंगाला हालचाल नसणे हेही त्या अभ्यासात एक प्रमुख कारण ठरले.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध कसा कळला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार कामगारांची माहिती गोळा केली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध केली. बस एकच, पगारही जवळपास सारखा, राहणीही सारखी. फरक एवढाच की, ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर उभा. डबलडेकरचा जिना चढून उतरून तिकिटे फाडायची, म्हणजे रोजच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. मुंबईच्या डबलडेकरचा वरचा मजला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

निष्कर्ष काय निघाला? हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण कंडक्टरांमध्ये ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास होते. काही लोक म्हणाले, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील. तेव्हा मॉरिस यांनी सरकारी गणवेशाच्या विजारींची मापे काढली! ड्रायव्हरांची कंबर मोठी होतीच. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर यांची तुलना केली तरी कंडक्टरच सुरक्षित निघाला. हे मॉरिस स्वतःही व्यायाम करीत आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

असे का होते? हृदय हासुद्धा एक स्नायूच आहे. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात. नियमित चालणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. ७० चे ६० झाले तर दिवसाला चौदा हजार ठोक्यांची बचत. शिवाय रक्तवाहिन्या लवचिक राहतात आणि वाढलेले बी.पी. काही अंकांनी खाली येते. मात्र, यासाठी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे आम्ही हात जोडून सांगतो.

हार्मोन्स म्हणजे काय

हार्मोन्स, म्हणजे मराठीत संप्रेरके. शरीरातल्या ग्रंथी ही रसायने रक्तात सोडतात आणि ती अवयवांना निरोप देत फिरतात. सगळ्यांच्या ओळखीचे हार्मोन म्हणजे इन्सुलिन. जेवणातली साखर रक्तात येते, ती पेशीत शिरायला दार उघडावे लागते, आणि इन्सुलिन ही त्या दाराची किल्ली आहे. मधुमेहात किल्ली कमी पडते किंवा कुलूप गंजते. आता गंमत बघा, स्नायू काम करू लागला की तो इन्सुलिनच्या किल्लीशिवायही साखर आत ओढून घेतो. आणि व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस कुलूप सैल राहते. म्हणून एक दिवस खूप करून आठवडाभर झोपण्यापेक्षा रोज थोडे करणे जास्त फायद्याचे.

हे नुसते बोलणे नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांवर लोकांवर प्रयोग झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला दीडशे मिनिटे हालचाल, बेताचा आहार आणि थोडे वजन कमी, एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्के घटले. चेन्नईत आपल्याच लोकांवर झालेल्या, २००६ च्या अभ्यासात आहार-व्यायामाने सुमारे २८ टक्के घट दिसली. आपल्याकडे घट कमी दिसली, पण फायदा झालाच, आणि तो गोळीच्या बरोबरीचा होता. २०२३ च्या पाहणीनुसार देशात दहा कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे. खुद्द बाबासाहेबांनाही या आजाराने छळले होते, हे आपण जाणतोच.

दुसरी जोडी अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल, ही ताणाची हार्मोन्स. व्यायाम करताना ती थोडा वेळ वाढतात. पण शरीराला सवय झाली की तेवढ्याच कामाला ती कमी प्रमाणात सुटतात. आणि चालून आल्यावर मन हलके होते, झोप लागते, हा अनुभव तर कोणीही घ्यावा.

भगिनींसाठी

आमच्या बहिणी म्हणतात, "दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पाणी भरणे, धुणे, जिने चढणे याची हालचाल मोजली जाते, वाया जात नाही. पण ओट्याशी तासन् तास उभे राहणे किंवा मशीनवर वाकून शिवणे याने कंबर तेवढी दुखते, हृदयाला काही मिळत नाही. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन घटते, हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. या वयात पायांवर वजन घेऊन चालणे आणि ताकदीचे व्यायाम हाडांना आधार देतात. तेव्हा घरच्या पुरुषांनी संध्याकाळी अर्धा तास चूल सांभाळावी, म्हणजे बाई चालायला मोकळी होईल. हसू नका, हे आम्ही गंभीरपणे बोलत आहोत!

ताकद म्हातारपणीही येते

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू काही टक्क्यांनी घटत जातात. पण ते परत कमावता येत नाहीत, हा समज खोटा आहे. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांच्या वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होते, तर आमच्या साठीच्या आजीबाईंनी का मागे राहावे?

त्याला जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकून जोर काढा. ओट्याला धरून टाचा उचला. लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरल्या की एकेक किलोचे डंबेल्स तयार. आठवड्यातून दोन दिवस पुरे.

इथे तरुणांना एक कळकळीचे सांगणे आहे. जिममध्ये कोणी लवकर बॉडी बनवून देतो म्हणून इंजेक्शन देत असेल, तर घेऊ नका. ते बहुधा पुरुषी हार्मोनच असते. बाहेरून मिळाले की शरीर स्वतःचे बनवणे बंद करते, वीर्य घटते, वंध्यत्व येऊ शकते, आणि हृदयाचा स्नायू बिघडतो. दंड फुगलेला आणि हृदय निकामी, हा कसला सौदा?

ताण देण्याचे व्यायाम

स्ट्रेचिंग म्हणजे अंगाला हळूहळू ताण देणे. त्याने सांधे मोकळे होतात, वाकणे-वळणे सोपे जाते. पोटरी, मांडी, पाठ, खांदे, मान यांना १५ ते ३० सेकंद ताण द्यावा, हिसके मारू नयेत, श्वास रोखू नये. अंग गरम झाल्यावर, म्हणजे चालून आल्यावर करावे. जड वजन उचलण्याआधी एकाच स्नायूला मिनिटाहून जास्त ताणून धरले तर ताकद तात्पुरती थोडी कमी होते, हे पोरांनी लक्षात ठेवावे. कॅनडातील ४० लोकांच्या एका छोट्या प्रयोगात स्ट्रेचिंगने बी.पी. चांगले उतरले. पण म्हणून चालणे सोडू नये, दोन्ही करावे.

किती करायचे, काय जपायचे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे: मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत.

ज्यांना हृदयाचा त्रास, जास्त बी.पी. किंवा शुगर आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, अनवाणी चालू नये. आणि छातीत दाबल्यासारखे झाले, हात-जबड्याकडे कळ गेली, घाम फुटला, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा.

शेवटी, चालणे आपल्याला परके नाही. विहाराशी नाते असलेल्या प्रत्येकाला चंक्रमण हा शब्द ठाऊक आहे. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची क्षमता, कष्टाची क्षमता, आरोग्य, अन्नाचे पचन आणि टिकणारी एकाग्रता. आजचे शास्त्र यातल्या आरोग्याच्या बाजूला आकडे जोडते आहे, इतकेच.

आमची विहार समितीला एक विनंती आहे. रोज पहाटे साडेपाचला विहाराचे फाटक आणि पुढचे मैदान उघडे ठेवावे. आम्ही बी.पी.चे मशीन घेऊन दर रविवारी तिथे बसू. सुनेने सासूला, मुलाने बापाला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाक मारून घेऊन यावे. एकट्याने सुरू केलेला व्यायाम आठ दिवसांत सुटतो, सोबतीने केलेला टिकतो.

 जयभीम! नमो बुद्धाय!