पाण्याची घंटा



चैत्र सरत आला. कांदा काढणी जोरात आहे. बाया सकाळी सातला रानात जातात आणि दिवस कलल्यावर परत येतात. म्हणून आज पाण्याविषयी बोलावे असे आम्ही ठरवले. विहिरीच्या किंवा पाटाच्या नव्हे, पोटात जाणाऱ्या पाण्याविषयी.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पाणी प्यायला काय शिकवायचं? तहान लागली की पितो." आम्हीही तसेच समजत होतो. आम्ही काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेले शाळामास्तर. पण एका मुलीने आम्हालाच धडा शिकवला. तो आधी सांगतो.

आम्ही मुख्याध्यापक होतो, त्या शाळेत शिस्त कडक होती. तास चालू असताना कोणी उठायचे नाही. पोर हात वर करी. "गुरुजी, पाणी पिऊन येऊ?" आम्ही म्हणत असू, "आत्ताच सुट्टी झाली ना? बस खाली." पोरे पाण्याचे निमित्त करून हुंदडायला जातात, असे आमचे पक्के मत. थोडे खरेही होते ते.

एका वर्षी मार्च महिन्यात दुपारची कवायत चालू होती. सातवीतली एक मुलगी रांगेत उभ्या उभ्या कोसळली. आम्ही तिला उचलून सावलीत नेले. ओल्या फडक्याने तोंड पुसले. ती शुद्धीवर आली, तेव्हा जिवात जीव आला. पोर उपाशी असेल असे आम्हाला वाटले. तिच्या आईला बोलावून घेतले.

आई म्हणाली, "भाकरी खाऊन आली होती, गुरुजी. पण ती शाळेत पाणी पीत न्हाय."

"का बरे?"

आईने मान खाली घातली. "पाणी प्यालं की जावं लागतं. जायचं कुठं?"

मंडळी, शाळेत मुलींसाठी संडास होता. चांगला पक्का बांधलेला होता. पण पोरे घाण करतील, तपासणीला साहेब आले तर काय म्हणतील, म्हणून आम्ही त्याला कुलूप लावले होते. चावी आमच्या टेबलाच्या खणात होती. मुलीने येऊन पुरुष मास्तराकडे ती चावी मागायची कशी? म्हणून मुलींनी पाणीच सोडले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि आम्ही समजत होतो, मुली किती शहाण्या, तासाला कधी उठत नाहीत!

कुलूप त्याच दिवशी काढले. पण त्या आईचा प्रश्न अजून आमच्या कानात आहे. तोच प्रश्न आज रानातल्या बायांचा आहे. भोवती उघडे रान. बांधावर झाड नाही. पलीकडच्या सरीत गडीमाणसे. मग बाई काय करते? कळशी जवळ असून पाणी पीत नाही. लघवी आली तरी दाबून धरते. पुढे लघवीला जळजळ होते, ओटीपोट दुखते, ताप येतो. हे दुखणे लाजेपायी लपवले जाते आणि वाढते. ज्यांच्या रानात बाया कामाला येतात, त्या शेतकरी भावांना आम्ही उघडच सांगतो. चार बांबू आणि जुनी गोणपाटे लावली तर आडोसा होतो. अर्ध्या तासाचे काम आहे. पाण्याची कळशी ठेवलीत, पण आडोसा केला नाहीत, तर ती कळशी बायांसाठी रिकामीच आहे.

आता पाणी का लागते ते पाहू. मोठ्या माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच असते. उन्हात अंग तापले की घाम येतो. घाम वाळताना अंग गार होते. मातीचा माठ पाझरतो म्हणून आतले पाणी गार राहते, तसेच हे. पण माठात पाणीच नसेल तर पाझरणार काय? कडक उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याचा तासाला एक लिटर घामसुद्धा जाऊ शकतो.

तहान मात्र उशिरा सांगावा धाडते. म्हणून उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे. एकदम तांब्याच्या तांब्या घशाखाली ओतू नये. घरी बसल्या कामाला दिवसाकाठी आठ-दहा पेले बहुतेकांना पुरतात. पेले मोजत बसायला नको असेल, तर लघवीचा रंग पाहा. फिकट, वाळल्या गवतासारखी असेल तर ठीक. गडद पिवळी आणि थोडीच होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टर सांगतील तितकेच प्यावे.

म्हाताऱ्यांची तहान वयाबरोबर मंदावते. आम्ही साठी ओलांडली आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. दुपार होते तरी आठवणच होत नाही. मग सूनबाई पेला आणून पुढे धरते. आम्ही कुरकुरतो, पण पितो. उलट, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात त्याच्यापुरते पाणी असते. पाणी जास्त प्यायचे ते आईने.

घामाबरोबर मीठही जाते. ताकात चिमूटभर मीठ घाला. कैरीचे पन्हे करा. आंबील तर आपल्या घरचीच.

जुलाब-उलट्या झाल्या तर पाणी आणि मीठ दोन्ही झपाट्याने जातात. लेकरू काही तासांत मलूल होते. अजूनही काही घरांत म्हणतात, "जुलाब होतायत, पाणी देऊ नका." हे अगदी उलटे आहे. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले. पश्चिम बंगालात बनगाव येथे त्यांच्यात पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली. घरच्या माणसांनीच रोग्यांना ते पाणी पाजले. आधी शंभरात तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते चाराच्याही खाली आले. आज त्याच पाण्याची पुडी आशाताईंकडे मिळते. ओ. आर. एस. म्हणतात ते हेच. पुडी नसेल तर घरी करा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये. घोट घोट पाजा आणि दवाखाना गाठा.

उन्हात कोणी बरळू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात असतो. त्याला सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. ते छातीत जाते.

आम्ही निवृत्त झाल्यावर पेपरात एक बातमी वाचली. २०१९ साली केरळातल्या शाळांनी दिवसातून काही वेळा पाण्याची घंटा सुरू केली. घंटा झाली की सगळी मुले आपापल्या बाटलीतले पाणी पितात. आम्ही इतकी वर्षे घंटा वाजवली. प्रार्थनेची, सुट्टीची, शाळा सुटल्याची. ही घंटा आम्हाला सुचली नाही, याचे वाईट वाटते. मुकादमांनो, तुमच्या हातात घंटा नाही, पण शिट्टी आहे आणि मोबाईलही आहे.

बोलून आमचाही घसा कोरडा पडला. ओसरीवर दोन माठ भरून ठेवले आहेत, पाणी उकळून गार केलेले आहे. सगळ्यांनी उठा, प्या. आणि बायांनो, शाळेच्या मागे संडास आहे. त्याला कुलूप नाही.