दार आतून बंद होते
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बनशंकरी, बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संगणक-सुरक्षेवर बोलावे, अशी आज्ञा आहे. या क्षेत्रात माझे आयुष्य गेले. तरी आज यंत्राविषयी मी फारसे बोलणार नाही. कुलूप फोडण्यापेक्षा घरच्याच माणसाकडून किल्ली मागून घेणे चोराला सोपे जाते. या विद्येला आमच्याकडे ‘सोशल इंजिनिअरिंग’ म्हणतात. मराठीत भूलथाप म्हटले तरी चालेल.

गेल्या वर्षी ती बनशंकरीतील आमच्याच घरी आली. माझी थोरली बहीण निवृत्त शिक्षिका आहे. एके सकाळी, डोके दुखते आहे, असे सांगून ती खोलीचे दार लावून बसली. प्रत्यक्षात फोनच्या पडद्यावर पोलिसी गणवेशातला मनुष्य होता. तुमच्या आधार क्रमांकावरून पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्ही ‘डिजिटल अटके’त आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगितलेत तर त्यालाही गुन्ह्यात घेऊ! अशी अटक भारतीय कायद्यात नाही, हे मी पलीकडच्या खोलीतून सांगू शकलो असतो. तिने विचारले नाही, आणि तेही मला वाचवण्यासाठी. दुपारी स्वयंपाकाच्या बाई दार ठोठावत राहिल्या. शेवटी ताईने उघडले. बाईंनी फोनमध्ये डोकावून विचारले, “यारप्पा नीनु?” कोण रे तू? फोन बंद झाला. तोवर मुदत ठेव मोडायची तयारी झाली होती.

ताई भोळी नाही आणि लोभी तर नाहीच. 2024 मध्ये लुधियान्याच्या एका वयोवृद्ध उद्योगपतींकडून अशाच टोळीने 7 कोटी रुपये उकळले. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी रचली आणि सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे सोंगही उभे केले.

शहाणी माणसे अशी का वागतात? 1961 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग सुरू केले. शेजारच्या खोलीतील माणसाचे उत्तर चुकले की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला अधिक जोराचा. झटके खोटे होते. देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. करड्या कोटातील प्रयोगकर्ता ‘पुढे चला’ म्हणे, आणि 40 पैकी 26 जण अखेरच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. एवढे पुष्कळांना माहीत असते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. हुकूम फोनवरून येऊ लागला तेव्हा आज्ञापालन पुष्कळ घटले. आणि सोबत बसलेल्या दोघांनी (ते प्रयोगकर्त्याचेच साथीदार होते) मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी केवळ 4 उरले.

आता टोळीची रीत पाहा. नुसत्या आवाजाने भागत नाही, म्हणून गणवेश आणि कॅमेरा. शेजारचा कोणी ‘नाही’ म्हणेल, म्हणून बंद दार. धमकीपेक्षा हा एकांतच मला अधिक भयंकर वाटतो.

गुरुजी वर्गात आले की उभे राहायचे, हे शाळेने शिकवले. त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. पण साहेबाला ‘आपण कोण?’ असे विचारणे अजूनही आपल्या जिभेला जड जाते. पालकहो, मुलाने तुमचे म्हणणे पडताळून पाहिले, तर लगेच रागावू नका. आणि पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवा. लाजेपायी लोक दोन दिवस गप्प राहतात. तेवढ्यात रक्कम दहा खात्यांतून फिरून जाते.

ताईही कित्येक महिने याविषयी बोलत नव्हती. आज हे सांगायला तिने परवानगी दिली. अट एकच घातली, की स्वयंपाकाच्या बाईंचा भाग गाळायचा नाही.