म्यानातले सुरे



१९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल जमिनीवर आपली नवी मुंबई उभी राहिली. तेव्हा डास म्हटला की आम्ही खाडीकडे बोट दाखवितो. पण डेंग्यूचा एडिस डास आमच्या घरचाच रहिवासी आहे. बांधकामावरचे पिंप, कुंडीखालची ताटली, टाकलेला टायर ही त्याची जन्मस्थाने होत.

त्याची अळी पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते. मादी मात्र रक्त पिते. एकाच आतड्याने ही दोन कामे कशी व्हावीत? ती होत नाहीत. अळीचे आतडे मरते आणि राखून ठेवलेल्या लहान पेशींतून नवे घडते.

हे मरण अपघाती नव्हे, ठरलेले असते. बेडकाच्या पिल्लाची शेपूट अशीच जाते. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली अशा मरणास ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. ते घडवितात ती कॅस्पेज नावाची विकरे. ती म्हणजे प्रथिने कापणारे सुरे. पण पेशीत ती म्यानबंद असतात. एक सुरा उपसला गेला की तो इतरांची म्याने कापतो, आणि पेशी आटोपशीरपणे मोडून जाते. एडिसमध्ये या कामाचा आरंभ करणाऱ्या सुऱ्याचे नाव ड्रॉंक.

हे काम घड्याळाबरहुकूम चालते. अळीच्या शेवटच्या अवस्थेत सुमारे ३६ तासांनी जुन्या पेशी मरू लागतात आणि कोश झाल्यावर १२ तासांत सारे आटोपते. बाल्य टिकविणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करणारे मेथोप्रीन पाण्यात घातले, तर मरण लांबते व अपुरे राहते. कोशात जुने आणि नवे अशी आतड्याची दोन अस्तरे राहतात, आणि डास होण्याआधीच तो मरतो. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणून असे औषध टाकल्यावर अळ्या वळवळताना दिसल्या, तरी ते वाया गेले असे समजू नये.

धुराने उडता डास मरतो, पिंपातली अळी नव्हे. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडे रिते करून घासले, तर डास उडण्यापूर्वीच आमचे काम झालेले असेल.