पोथ्यांच्या मनोऱ्याचे शहर

चीनच्या शेन्सी प्रांतात, वेइ नदीच्या दक्षिणेकडील सुपीक मैदानात शिआन नावाचे शहर आहे. आज त्याची लोकसंख्या एक कोटीहून अधिक आहे. इतर मोठ्या शहरांप्रमाणेच तेथेही उंच इमारती, रुंद रस्ते आणि भुयारी रेल्वे आहे. परंतु इतिहासात हे नगर चांगआन या नावाने प्रसिद्ध आहे. चांगआन म्हणजे चिरशांती. हान आणि तांग या दोन थोर राजवंशांची राजधानी याच परिसरात होती. मध्य आशियातील वाळवंटे ओलांडून येणारे व्यापाऱ्यांचे तांडे येथेच येऊन विसावत. भारतीय प्रवासी मात्र या शहरात शिरतो तो एक नाव मनात घेऊन. ते नाव म्हणजे ह्युएन त्संग.

ह्युएन त्संगने पाहिलेले चांगआन आज पाहावयास मिळेल, अशा अपेक्षेने येणाऱ्याची प्रथम थोडी निराशा होते. तांग काळातील ते नगर सुमारे ८४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले होते. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते आखून त्याचे १०८ पुरे पाडलेले होते. संध्याकाळी नगारा झाला की प्रत्येक पुऱ्याची वेस बंद होई. पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन बाजार होते, आणि पश्चिमेच्या बाजारात इराणी व सोग्दी व्यापाऱ्यांची वर्दळ असे. पण राजवाडे लाकडाचे होते. इ. स. ९०४ मध्ये चू वेन या सेनापतीने सम्राटाला लोयांग येथे हलविले, वाडे उतरविले आणि त्यांचे लाकूड नदीतून वाहून नेले. त्या वैभवाचे आता पायेच तेवढे उरले आहेत.

आज दिसतो तो तट चौदाव्या शतकातील, मिंग राजवटीचा. त्याचा घेर जवळजवळ १४ किलोमीटर असून उंची १२ मीटर आहे. माथा इतका रुंद, की त्यावरून सायकलीने सबंध शहराला प्रदक्षिणा घालता येते. आत शहराच्या मधोमध घंटेचा मनोरा आहे. तो १३८४ मध्ये बांधला गेला आणि शहराचा मध्य सरकल्यामुळे १५८२ मध्ये उचलून आजच्या जागी आणला गेला. लाकडी वास्तूचा हाही एक गुण म्हणावयाचा. ती जळते, मोडते, पण प्रसंगी बिऱ्हाडासारखी हलविताही येते.

जे हलविता येत नाही ते पाहावयाचे असेल, तर दक्षिण वेशीजवळच्या ‘शिलालेखांच्या वना’त जावे. १०८७ मध्ये या संग्रहाचा आरंभ झाला. कन्फ्यूशियस परंपरेचे बारा ग्रंथ इ. स. ८३७ मध्ये ११४ शिळांच्या दोन्ही अंगांवर कोरून पुरे झाले होते. ही अक्षरे साडेसहा लाखांच्या घरात जातात. नकलाकाराच्या हातून चूक होऊ नये म्हणून प्रमाण पाठच दगडात घालून ठेवला. याच वनात ७८१ सालची एक शिळा आहे. इराणकडून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे ६३५ मध्ये या नगरात कसे स्वागत झाले, ते तिच्यावर चिनी भाषेत लिहिले असून सोबत सिरियन लिपीतील नावे आहेत. परक्याचा धर्म ऐकून घेण्याइतके त्या काळच्या राजधानीचे मन मोठे होते.

नगाऱ्याच्या मनोऱ्यामागील गल्ल्यांतून गेले, की जुनी मोठी मशीद लागते. तिची आजची रचना मुख्यतः मिंग काळापासूनची आहे. घुमट नाही, मिनार नाहीत. कौलारू छपरे, चौकामागून चौक, आणि अजान देण्यासाठी चिनी धर्तीचा अष्टकोनी लाकडी मंडप. चिनी मंदिरांचे तोंड सामान्यतः दक्षिणेकडे असते. येथे मात्र सारी मांडणी पश्चिमेला, मक्केच्या दिशेला वळलेली आहे.

या मशिदीभोवती हुइ मुसलमानांची वस्ती असून शहराच्या खाद्यसंस्कृतीचे ते माहेरघर आहे. चिनी म्हटला की भात खाणारा, ही समजूत येथे टिकत नाही, कारण हा गव्हाचा मुलूख आहे. कणकेच्या पट्ट्यासारख्या रुंद शेवया, तिखट तेल आणि शिरका घालून थंडच खाल्ली जाणारी ‘ल्यांगफी’, आणि सर्वांत प्रसिद्ध ‘पाओमो’. पाओमो मागवला, की गिऱ्हाइकापुढे रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट रोटी येते. ती त्याने स्वतः बसून कुस्करावयाची, तीही हरभऱ्याच्या दाण्याएवढी बारीक. मग वाडगा पुन्हा भटारखान्यात जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. सोबत मुरवलेला लसूण असतो. रश्शात भाकरी कुस्करून खाणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही. शिकावा लागतो तो फक्त धीर. शेवटी गोड म्हणून टेंभुर्णीच्या कुळातील एका लालबुंद फळाचा गर कणकेत मळून तळलेल्या पुऱ्या मिळतात. साखरेच्या बाबतीत तर एक जुना ऋणानुबंध आहे. साखर करण्याची रीत शिकून घेण्यासाठी सम्राट ताइत्सुंगने ६४७ मध्ये मगधाकडे माणसे पाठविल्याची नोंद तांग राजवंशाच्या इतिहासात आहे. उत्तर हिंदुस्थानात साखरेलाच ‘चिनी’ म्हणतात, ही मौज त्यानंतरची.

शहराच्या पूर्वेस, लिनतुंगजवळ, १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना भाजलेल्या मातीचे सैनिक सापडले. इ. स. पूर्व २१० मध्ये मरण पावलेल्या पहिल्या सम्राटाच्या रक्षणासाठी पुरलेली ही हजारोंची सेना आता जगप्रसिद्ध झाली आहे, आणि बहुतेक प्रवासी तेवढ्यासाठीच येतात. ते दृश्य विस्मयकारक आहे खरे. परंतु ती सेना एका माणसाच्या मरणोत्तर सत्तेसाठी मातीखाली झाकून ठेवलेली होती. शिआनचे दुसरे धन उघड्यावर उभे आहे आणि ते सर्वांसाठी जमविले गेले होते.

ते म्हणजे शहराच्या दक्षिण भागातील ‘रानहंसांचा मोठा मनोरा’. ह्युएन त्संग बादशाही परवान्यावाचून, चोरून देशाबाहेर पडला होता. सुमारे सोळा वर्षांनी, ६४५ मध्ये, तो परतला तेव्हा वीस घोड्यांवर लादून ६५७ ग्रंथ त्याने आणले होते. या पोथ्या आगीपासून आणि काळापासून कशा वाचवाव्यात, ही त्याची चिंता होती. म्हणून ६५२ मध्ये भारतीय स्तूपांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून त्याने विटांचा मनोरा उभारला. त्या कामी त्याने स्वतः विटांच्या टोपल्या वाहिल्या, असे त्याचा चरित्रकार सांगतो. ते काम लवकरच खचले आणि आठव्या शतकाच्या आरंभी मनोरा नव्याने बांधला गेला. आज त्याचे सात मजले असून उंची सुमारे ६४ मीटर आहे. त्याच्या नावामागील कथा मगधातील एका हंसस्तूपाची म्हणून सांगतात. तेव्हा हे नावदेखील भारतातूनच आलेले.

प्रवासी लाकडी जिना चढून वर जातो. चारी दिशांच्या कमानींतून शहर दिसते; पोथ्या मात्र दिसत नाहीत. ज्यांच्यासाठी हा मनोरा बांधला, त्या आज तेथे नाहीत. विटा त्यांना वाचवू शकल्या नाहीत. मग वाचले काय? ह्युएन त्संगने उरलेली १९ वर्षे शिष्यांना हाताशी घेऊन भाषांतरात घालविली. ६६४ मध्ये तो निवर्तला, तोपर्यंत ७५ ग्रंथांचे १,३३५ खंड चिनी भाषेत उतरले होते. सर्वास्तिवादी आचार्यांचा ‘महाविभाषा’ हा प्रचंड ग्रंथ मूळ संस्कृतात नष्ट झाला. तो समग्र वाचावयाचा तर ह्युएन त्संगच्याच चिनीतून. वैशेषिक दर्शनावरील चंद्रमतीचे ‘दशपदार्थशास्त्र’ हा तर बौद्ध ग्रंथही नव्हे. बौद्ध भिक्षूने परमताचा म्हणून तो टाकला नाही, आणि म्हणूनच तो आज शिल्लक आहे.

महाराष्ट्राचे तर या शहराशी आणखी जवळचे नाते आहे. ६४६ मध्ये येथेच सिद्ध झालेल्या प्रवासवृत्तान्तात ह्युएन त्संगने पुलकेशीच्या राज्याचे आणि तेथील लोकांचे चित्र रेखाटले आहे. हे लोक साधे पण मानी. उपकार न विसरणारे आणि अपमानही न विसरणारे. सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ सूचना देणारे. शरण आलेल्यासाठी स्वतःला विसरणारे. उत्तर जिंकणाऱ्या हर्षापुढेही ते नमले नाहीत, हेही त्याने नोंदविले. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे आणि दाराबाहेरील दगडी हत्तींचे त्याने वर्णन केले, तो अजिंठाच असावा, असे अभ्यासक मानतात. १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांना ती लेणी ‘सापडली’, त्याच्या जवळजवळ पावणेबाराशे वर्षे आधी चांगआनमधील वाचक त्यांच्याविषयी वाचत होते!

म्हणून शिआनचा तट, बाजार आणि मातीचे सैनिक पाहून झाल्यावर भारतीय प्रवाशाने त्या रिकाम्या मनोऱ्यात थोडा वेळ काढावा. दुसऱ्याचे शब्द स्वतःच्या भाषेत आणण्यासाठी एका माणसाने तेथे आयुष्य वेचले, आणि त्यामुळे त्या दुसऱ्याला स्वतःचे हरवलेले धन पुन्हा मिळाले. ते धन परत आणावयाचे, तर चिनी भाषा शिकून त्या खंडांपर्यंत पोहोचणारी माणसे भारतातही हवीत. ह्युएन त्संग शिकण्यासाठी नालंदेपर्यंत आला होता. उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी ते काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.